कचेरीची खूण आणि यंत्राचा विश्वास

राज्य लहान असो वा विस्तृत असो, मुख्य ठाण्यानें दूरच्या ठाण्यास कसें ओळखावें, आणि दूरच्या ठाण्यानें मुख्य ठाण्याचा हुकूम खरा कशावरून मानावा, हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या पाठीशीं नेहमींच लागलेला असतो. हुकूम देणारा आणि हुकूम बजावणारा एकमेकांसमोर उभे असतील, तर प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु दोघांच्या मध्यें दहा कोसांचें अंतर पडलें कीं खूण लागते. आणि खूण आली कीं तिची नक्कल करणाराहि आलाच. शिक्का, मोर्तब, सही, साक्ष, परवलीचा शब्द हीं सारीं या एकाच अडचणीवर माणसानें वेळोवेळीं काढलेलीं उत्तरें होत.

आजच्या कचेरींत हा जुना प्रश्न नव्या वेषांत उभा राहतो. एखाद्या मोठ्या कार्यालयांत कारकून सकाळीं संगणक सुरू करतो, आपलें नांव व परवलीचा शब्द बिनचूक लिहितो, आणि पडद्यावर इंग्रजींत उत्तर येतें कीं, या यंत्राचा व मुख्य क्षेत्राचा विश्वाससंबंध तुटला आहे. माणूस तोच, शब्द तोच, यंत्रहि तेंच. काल सायंकाळपर्यंत काम सुरळीत चाललेलें. मग एका रात्रींत विश्वास गेला कोठें? खिडकीबाहेर दाखल्यासाठीं उभ्या असलेल्या माणसाला तर यांतलें कांहींच कळत नाहीं. त्याला एवढेंच कळतें कीं, आजचा खेटा फुकट गेला. या तुटलेल्या विश्वासाची कथा नीट समजून घ्यावयाची, तर संगणकाच्या जन्माच्या पुष्कळ मागें जावें लागतें. आणि त्या कथेचीं कांहीं पानें बीड जिल्ह्याच्या भूमींतच सांपडतात.

बीडच्या परिसरांत एका टेकडीवर एक घुमटाची इमारत आहे. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याचा मुक्काम या बाजूस असतांना त्याचा एक दांत पडला व तो समारंभानें येथें पुरण्यांत आला, अशी तिच्याविषयीं परंपरागत समजूत आहे. दांताला थडगें बांधणारा म्हणून लोक या सुलतानास हंसतात. परंतु त्याच्या कारकीर्दींतील दुसरी एक गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. १३२९-३० च्या सुमारास त्यानें चांदीच्या टंक्याऐवजीं तांब्यापितळेचीं नाणीं चालूं केलीं आणि तीं चांदीच्याच मोलानें घ्यावींत असा हुकूम काढला. कल्पना मूळची वाईट नव्हती. चीन देशांत कागदाचें चलन त्यापूर्वींच रूढ झालें होतें. चूक झाली ती खुणेंत. सरकारी नाणें आणि घरीं पाडलेलें नाणें यांत भेद करतां येईल असें कोणतेंहि गुपित त्या नाण्यांत नव्हतें. समकालीन इतिहासकार बरनी सांगतो कीं, घरोघर टांकसाळी निघाल्या. थोड्याच वर्षांत सुलतानास तीं नाणीं परत घेऊन खजिन्यांतून चांदी मोजून द्यावी लागली, आणि तुघलकाबादेस तांब्यापितळेचे ढीग पडून राहिले. जी खूण कोणालाहि पाहून करतां येते, ती खूण विश्वासाचा भार पेलूं शकत नाहीं, हा या प्रकरणाचा बोध होय.

मराठेशाहींतील दफ्तराची घडण पाहिली म्हणजे हा बोध आपल्या लोकांनीं चांगलाच ओळखला होता, असें दिसून येतें. पुण्याच्या हुजूर दफ्तरांतून निघणाऱ्या महत्त्वाच्या कागदावर शिक्का असे, आणि मजकुराच्या अखेरीस मोर्तब असे. मोर्तब म्हणजे मजकूर येथें संपला, यापुढें कोणी एक अक्षरहि वाढवूं नये, अशी घातलेली मर्यादा. पण एवढ्यावर काम भागत नसे. गेलेल्या कागदाची नोंद दफ्तरीं राही. शंका आली तर हातांतला कागद आणि दफ्तरांतली नोंद रुजू घालून पाहतां येई. आजहि सरकारी कचेऱ्यांतून चालत असलेला ‘बारनिशी’ हा शब्द त्याच शिस्तीची आठवण आहे. म्हणजे कागदाचा खरेपणा एकट्या कागदांत नव्हता; तो दोन टोकांच्या दोन स्मृति एकमेकींशीं जुळण्यांत होता. हें सूत्र ध्यानांत ठेवावें. पुढें संगणकाच्या प्रकरणांत तेंच पुन्हां भेटणार आहे.

दोन स्मृति जुळविण्याची सोय नसली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचें उदाहरण महाराष्ट्रास शाळेपासून परिचित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांतला संशय फिटला नाहीं. पुढें सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचें सांगत पुढें आला. भाऊंस ओळखणाऱ्या माणसांकडून चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेंत पडला. परंतु १७७६ सालीं रत्नागिरीच्या कैदेंतून तो सुटला. तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनींच त्यास उचलून धरलें, आणि पाहतां पाहतां कोंकणांतील ठाणीं त्याच्या स्वाधीन झालीं. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांना फौजा घेऊन त्याचा मोड करावा लागला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याचें रूप भाऊंसारखें होतें आणि तो नांवहि भाऊंचेंच सांगत होता. पण रूप आणि नांव या दोन्ही गोष्टी उघड्या आहेत. त्या उसन्या घेतां येतात. खरी ओळख अशा गोष्टींतच असते कीं, जी खऱ्या माणसाला आणि त्याला पारखणाऱ्याला, दोघांनाच ठाऊक असते.

आतां पुन्हां बीडकडे वळूं. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यांत होता. पहिल्या सालारजंगानें १८६५ च्या सुमारास जिल्हेबंदी करून राज्यकारभारास नवें वळण लावलें. दरबारी भाषा आधीं फारसी होती. १८८० नंतरच्या दशकांत तिची जागा उर्दूनें घेतली. राज्याचें नाणें वेगळें, तें हाली शिक्क्याचें. इंग्रजी मुलखांतील कलदार रुपयाशीं त्याचा भाव ठरवावा लागे. राज्याचें सालहि वेगळें, तें फसली. त्याचा आरंभ आजूर महिन्यानें, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास होई. एकाच दिवशीं नगर जिल्ह्यांतील कागदावर एक साल पडे आणि सीमेपलीकडे बीडच्या कागदावर दुसरें पडे. दोन कचेऱ्यांचें कालमान जुळत नसेल, तर ‘हा कागद आधींचा कीं नंतरचा’ एवढ्या साध्या प्रश्नासाठींहि कोष्टक काढून बसावें लागतें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य शरण आलें. फसली गणनेप्रमाणें तें १३५७ साल होतें. गांवें जागच्या जागीं राहिलीं, शेतांच्या बांधांनीं जागा सोडली नाहीं; पण ज्या सत्तेच्या नांवानें कागद निघत होता, ती सत्ता पालटली. हा पालटहि एका दिवसांत पुरा झाला नाहीं. ऑगस्ट १९४९ मध्यें जहागिरी नष्ट करणारा जो कायदा झाला, त्याच्या नांवांत अद्याप १३५८ फसली हेंच साल होतें. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. बारा वर्षांच्या आंत बीडच्या कचेऱ्यांस तीन वेळां नव्या मुख्य ठाण्याशीं ओळख करून घ्यावी लागली. जुनी निष्ठा आपोआप नव्या सत्तेकडे वाहून जात नाहीं. जुना संबंध रीतसर संपवावा लागतो, नवी नोंद करावी लागते, नवी मोहर हातीं घ्यावी लागते. आणि हें सर्व अधिकार असलेल्या कोणीतरी समक्ष करून द्यावें लागतें. संगणकाचा तुटलेला विश्वास सांधण्याची रीत याहून फारशी निराळी नाहीं.

संगणक कचेऱ्यांत आले, तेव्हां प्रारंभीं प्रत्येक संगणक हें जणूं एक स्वतंत्र संस्थानच होतें. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें मेजावर ठेवण्याजोगा संगणक बाजारांत आणला, आणि पुढील दशकांत असे संगणक जगभरच्या कार्यालयांत पसरले. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ सालीं स्थापन झालें, व १९८० नंतरच्या दशकांत त्याच्या ‘निकनेट’ या उपग्रहाधिष्ठित जाळ्यानें देशांतील जिल्ह्यांचीं ठाणीं जोडण्याचें काम हातीं घेतलें. एका कचेरींत ५० यंत्रें आणि ५० कारकून आहेत, असें समजा. प्रत्येकास कोणत्याहि यंत्रावर बसतां यावें अशी इच्छा असेल, तर प्रत्येक यंत्रांत ५० नांवें, म्हणजे एकंदर २५०० नोंदी ठेवाव्या लागतील. एकाची बदली झाली कीं ५० ठिकाणीं खोडाखोड! त्यापेक्षां सर्व नोंदी एका मुख्य यंत्राकडे ठेवाव्या आणि बाकीच्यांनीं त्यालाच विचारावें, हें सोयीचें. अशा एका मुख्य नोंदवहीखालीं नांदणाऱ्या यंत्रांच्या समुदायास ‘डोमेन’ म्हणतात. त्याला अधिकारक्षेत्र म्हणावयास हरकत नाहीं. आणि जें यंत्र ही नोंदवही संभाळतें तें डोमेन कंट्रोलर, म्हणजे त्या क्षेत्राचें मुख्य ठाणें होय.

पण मुख्य ठाण्याला विचारावयाचें तें तारेवरून, आणि तार तर मधल्या कोणालाहि ऐकतां येते. परवलीचा शब्द तारेवरून उघडा पाठविला, तर तो पहिल्याच दिवशीं चोरीस जाईल. या पेंचांतून वाट काढणारा निबंध रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांची युक्ति थोडक्यांत अशी : दोन अनोळखी पक्षांपैकीं प्रत्येकाचें एकेक गुपित एका विश्वासू मध्यस्थास ठाऊक असावें. मध्यस्थानें त्या दोघांसाठीं तात्पुरती एक नवी किल्ली घडवावी, आणि ती प्रत्येकाच्या गुपितानें बंद केलेल्या पेटींत घालून पाठवावी. ज्याच्याजवळ खरें गुपित असेल त्यालाच पेटी उघडतां येईल. गुपित स्वतः तारेवरून कधींच प्रवास करीत नाहीं. तें आपल्याजवळ असल्याचा पुरावा मात्र पलीकडे पोंचतो.

या रचनेंतहि एक छिद्र राहिलें होतें. एखाद्या चोरानें जुनी पेटी जपून ठेविली, कालांतरानें तिच्यांतली किल्ली मिळविली आणि तीच पेटी पुन्हां पाठविली, तर समोरच्याला ती ताजी वाटेल. १९८१ सालीं डोरोथी डेनिंग व जोव्हानी साको यांनीं हें छिद्र दाखवून प्रत्येक पेटीवर वेळेचा शिक्का मारावा असें सुचविलें. वेळ मोजून शिळा निरोप नाकारणें हा उपाय सोपा आहे. पण त्यामुळें एक नवें बंधन आलें. आतां सर्वांचीं घड्याळें जुळलेलीं असणें अवश्य झालें. फसली सालाची कचेरी आणि इसवी सालाची कचेरी यांच्यामध्यें जी अडचण वर्षांच्या हिशोबांत होती, ती येथें मिनिटांच्या हिशोबांत आली.

या दोन्ही विचारांना प्रत्यक्ष रूप मिळालें तें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेंत. १९८३ सालीं तेथें ‘अथेना’ नांवाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यानें आवारांतल्या कोणत्याहि संगणकावर बसावें आणि त्याला त्याचें काम मिळावें, असा त्याचा उद्देश होता. तेथें जी पारख करणारी यंत्रणा तयार झाली, तिला ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावरच्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून ‘कर्बेरॉस’ असें नांव दिलें. आपल्या वेदवाङ्मयांत यमाच्या वाटेवर राखण करणारे दोन श्वान आहेत. त्यांचाच हा पाश्चात्य भाऊबंद म्हणावा. या यंत्रणेची चौथी आवृत्ति १९८९ सालीं सर्वांस खुली झाली, आणि पांचवी १९९३ सालीं लेखबद्ध झाली. तिच्यांत सकाळीं एकदां ओळख पटविली कीं एक तिकीट मिळतें, आणि दिवसभर तें दाखवून निरनिराळ्या दारांतून आंत जातां येतें. तिकिटाची मुदत संपली कीं पुन्हां ओळख द्यावयाची.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९९३ सालीं आपल्या विंडोज एन.टी. या प्रणालींत डोमेनची कल्पना आणली, आणि फेब्रुवारी २००० मध्यें आलेल्या विंडोज २००० मध्यें ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ नांवाच्या नोंदवहीस कर्बेरॉसची जोड दिली. जगांतील असंख्य कचेऱ्या, बँका, रुग्णालयें आणि कारखाने तेव्हांपासून याच रचनेवर चालत आले आहेत. सामान्य माणसाला ठाऊक नसते अशी एक गोष्ट या रचनेंत आहे, आणि आपल्या प्रश्नाचें मर्म तिच्यांतच आहे. या राज्यांत केवळ कारकुनाचेंच खातें नसतें. त्याच्या समोरच्या यंत्राचेंहि स्वतंत्र खातें असतें. यंत्रालाहि परवलीचा शब्द असतो. तो कोणी माणसानें ठरविलेला नसतो, कोणाला ठाऊक नसतो, आणि कोणाला पाठहि करतां येणार नाहीं इतका लांब व अर्थहीन असतो. एन.टी. च्या काळांत तो दर ७ दिवसांनीं बदले. विंडोज २००० पासून साधारणतः दर ३० दिवसांनीं बदलतो. माणसाची पारख होण्यापूर्वीं यंत्राची पारख होते. यंत्रच परकें ठरलें, तर त्यावर बसलेल्या माणसाचा शब्द कितीहि खरा असला तरी त्याचा उपयोग होत नाहीं.

म्हणून विश्वास तुटला या संदेशाचा खरा अर्थ इतकाच कीं, यंत्राच्या स्मृतींत असलेला शब्द आणि मुख्य ठाण्याच्या नोंदवहींत असलेला शब्द हे जुळेनासे झाले आहेत. येथें फितुरी झालेली असतेच असें नाहीं. बहुधा एका बाजूची आठवण मागें पडलेली असते. ती कशी पडते, हें क्रमानें पाहूं.

पहिलें आणि फार वेळां आढळणारें कारण म्हणजे यंत्राला भूतकाळांत नेणें. संगणक बिघडला म्हणून कोणी त्याची दोन महिन्यांपूर्वींची साठवलेली प्रत पुन्हां त्यावर चढवितो. काम चालू होतें, पण त्या प्रतीबरोबर दोन महिन्यांपूर्वींचा शब्दहि परत येतो. मुख्य ठाण्याच्या वहींत तर दरम्यान नवा शब्द चढलेला असतो. उलटहि घडतें : मुख्य ठाणेंच जुन्या प्रतीवरून उभें केलें, तर तेंच मागें पडतें आणि अनेक यंत्रें एकदम परकीं होतात. दुसरें कारण एकाच नांवाचीं दोन यंत्रें. एका संगणकाची हुबेहूब नक्कल दुसऱ्यावर उतरवून नांव बदलण्यास विसरलें, आणि त्या नांवानें दुसऱ्याला क्षेत्रांत दाखल केलें, कीं नवा शब्द दुसऱ्याच्या नांवावर चढतो. पहिलें यंत्र खरें असूनहि तोतया ठरतें. तिसरें कारण, जुनीं खातीं झाडतांना कोणी त्या यंत्राचें खातेंच वहींतून काढून टाकलेलें असतें.

चौथें कारण घड्याळाचें. यंत्राच्या आंत एक लहानशी चकतीसारखी बॅटरी असते. ती संपली कीं वीज जाऊन परत येतांच यंत्र कित्येक वर्षें मागची तारीख सांगूं लागतें. कर्बेरॉस साधारणतः ५ मिनिटांपर्यंतचा फरक सोसतो. त्यापुढें तो दार उघडीत नाहीं. पांचवें कारण पत्त्याचें : मुख्य ठाणें कोठें आहे हें ज्या निर्देशिकेला विचारावयाचें, तिच्याऐवजीं यंत्र बाहेरच्याच कोणाला विचारीत असतें. या दोन प्रसंगीं खरोखर विश्वास तुटलेला नसतो. पडद्यावर संदेशहि पुष्कळदां वेगळ्या शब्दांत येतो. म्हणून शहाणा दुरुस्तीकार मोठ्या उपायास हात घालण्यापूर्वीं घड्याळ, तार आणि पत्ता या तीन गोष्टी आधीं पाहतो.

येथें एका सर्वत्र पसरलेल्या गैरसमजाचा निरास केला पाहिजे. यंत्र महिनाभराहून अधिक काळ बंद राहिलें म्हणून विश्वास तुटला, असें कार्यालयांतून सर्रास सांगितलें जातें. तें बरोबर नाहीं. शब्द पालटण्याचा पुढाकार मुख्य ठाणें घेत नसून यंत्र स्वतः घेतें. तें बंद असेल, तर शब्द पालटतच नाहीं. दोन्हीकडे जुनाच शब्द राहतो. चार महिन्यांनीं तें जागें झालें कीं जुन्या शब्दानें ओळख देतें आणि मग नवा शब्द घडवून पलीकडे कळवितें. शिवाय तें चालू आणि मागचा असे दोन शब्द जवळ बाळगतें. दीर्घ निद्रेनें नातें तुटत नाहीं. एका बाजूनें आठवण मागें नेली म्हणजे तें तुटतें.

आतां उपाय. जुना आणि आजहि पुष्कळांच्या हातीं बसलेला उपाय म्हणजे यंत्राला क्षेत्रांतून बाहेर काढून स्वतंत्र करणें, तें पुन्हां सुरू करणें, आणि अधिकारी व्यक्तीच्या नांवानें पुन्हां दाखल करून घेणें. उपाय खात्रीचा आहे, परंतु वेळखाऊ आहे. आणि यंत्रावरचा स्थानिक अधिकाऱ्याचा परवलीचा शब्द हातीं नसतांना तो केला, तर आंतले बाहेर आणि बाहेरचे आंत अशी स्थिति होऊन दारच बंद पडतें. त्याहून सौम्य उपाय म्हणजे यंत्र दाखलच ठेवून फक्त दोन्हीकडचा शब्द नव्यानें जुळवून देणें. ‘नेटडॉम’ नांवाच्या साधनांत, तसेंच ‘पॉवरशेल’ मध्यें त्यासाठीं आज्ञा आहेत. तेथें आधीं संबंध तपासतां येतो आणि मग दुरुस्त करतां येतो. यंत्रांत शिरण्यासच अडचण असेल, तर जाळ्याची तार काढून प्रवेश करून पाहतात, कारण विंडोज साधारणतः शेवटच्या १० जणांची ओळख जवळ जपून ठेवतें. मात्र या प्रत्येक उपायांत एक गोष्ट समान आहे : ज्याला अधिकार आहे अशा कोणीतरी साक्ष दिल्याशिवाय यंत्राची पुन्हां ओळख होत नाहीं. नुसत्या यंत्राच्या शब्दावर यंत्र परत घेतलें जात नाहीं. आणि घेतलें जाऊंहि नये.

याच ठिकाणीं कचेरीची कसोटी लागते. बाहेर रांग वाढलेली असते, आंत वरिष्ठ रागावलेले असतात, आणि अशा वेळीं सोपी वाट सुचते. सर्व यंत्रांवर एकच स्थानिक शब्द ठेवावा, तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावा, एकाच्या नांवावर चौघांनीं काम करावें, किंवा क्षेत्राचा अधिकारच काढून टाकून यंत्र मोकळें चालवावें! काम त्या दिवसापुरतें निभतें. पण नंतर एखादी नोंद बदललेली आढळली, तर ती कोणीं बदलली हें सांगण्याचें साधन उरत नाहीं. एकच शब्द सर्वत्र ठेवण्याची ही संवय मोडावी म्हणून मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं प्रत्येक यंत्राचा स्थानिक शब्द वेगळा ठेवून तो आपोआप पालटणारें साधन दिलें, आणि २०२३ सालीं तें विंडोजमध्येंच अंतर्भूत केलें. साधन आलें तरी शिस्त माणसानेंच आणावी लागते.

दार नीट बंद असणें किती महत्त्वाचें आहे, याचा प्रत्यय २०२० सालीं जगास आला. यंत्र आणि मुख्य ठाणें यांच्यामधील ज्या पारखीविषयीं येथें चर्चा चालली आहे, तिच्याच गणितांत एक दोष असल्याचें सेक्युरा या डच संस्थेंतील टॉम टेरव्होर्ट यांनीं दाखवून दिलें. प्रश्नाच्या उत्तरादाखल नुसतीं शून्यें पाठवीत राहिलें, तर सरासरी २५६ प्रयत्नांत एकदां तीं खरीं ठरत. आणि मग मुख्य ठाण्याचा स्वतःचा परवलीचा शब्द रिकामा करून टाकतां येई. या दोषास ‘झीरोलॉगॉन’ असें नांव पडलें. मायक्रोसॉफ्टनें ऑगस्ट २०२० मध्यें पहिली दुरुस्ती दिली, आणि सप्टेंबरांत अमेरिकेच्या सरकारनें आपल्या खात्यांस ती तांतडीनें बसविण्याचा आदेश काढला. तुघलकाच्या नाण्यांस गुपित नव्हतें. येथें गुपित होतें, पण तें पारखणारा तराजूच किंचित् कलला होता. सहा शतकांहून अधिक काळ लोटला, तरी बोध एकच : खुणेचें मोल तिच्या पारखीइतकेंच असतें.

या साऱ्या प्रपंचांत शेवटीं पणाला काय लागलेलें असतें, हें पाहावयाचें तर बीडसारख्या जिल्ह्याकडेच पाहावें. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत सातबाराचा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळूं लागला. शेतकऱ्याच्या जमिनीचा पुरावा आतां यंत्रानें पारखलेल्या खुणेवर उभा आहे. दुसऱ्या बाजूस, २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें मराठवाड्यांतील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हां मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. दोन-तीन पिढ्यांपूर्वीं एखाद्या अनाम कारकुनानें केलेली एक ओळ, ती जपली गेली आणि तिची साखळी मध्यें तुटली नाहीं म्हणूनच, आज एखाद्या कुटुंबाच्या उपयोगीं पडूं शकते. नोंद लिहिणारा कोण, ती केव्हां लिहिली आणि मधल्या काळांत तिच्यांत कोणी हात घातला नाहीं, हे तीन प्रश्न मोडींतल्या रुमालाला जसे विचारावे लागतात, तसेच ते संगणकांतल्या नोंदीलाहि विचारावे लागतील.

तेव्हां पडद्यावर विश्वास तुटल्याचा संदेश उमटला म्हणजे यंत्रावर रागावण्यांत अर्थ नाहीं. संशय आला असतां दार न उघडणारा पहारेकरी आपलें कर्तव्यच करीत असतो. त्याला गुंगवून आंत जाण्यापेक्षां, आठवण कोठें मागें पडली तें शोधावें, घड्याळ व पत्ता तपासावा, अधिकाऱ्याची साक्ष घालावी आणि दोन्हीकडची नोंद पुन्हां जुळवावी. विश्वास एकदां देऊन कायमचा होत नाहीं. तो मुदतीमुदतीनें नवा करावा लागतो, आणि नवा करतांना दोन्ही बाजूंनीं तो स्मरणांत ठेवावा लागतो. ज्या राज्यांत आणि ज्या कचेरींत हें नूतनीकरण शांतपणें, न चुकतां चालतें, तेथेंच खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं दिलेला कागद खरा ठरतो.